अंगठ्याखालचं तेल

चळवळीच्या अंकात मोटारसायकलच्या बुशवर लेख कशाला, असं काही दोस्त विचारतील. विचारू द्या. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं गॅरेजात हात काळे करतात. त्यांच्या हातांवर आपण कविता लिहितो. त्या हातात जी वस्तू असते तिच्याबद्दल मात्र आपल्याला ओ की ठो माहीत नसतं. आणि जे माहीत नसतं त्यावरूनच आपली पोरं फसतात, शिव्या खातात, कामावरून जातात. म्हणून आज एका बुशबद्दल लिहितोय. बोटभर लांबीसुद्धा नसते त्याची. पण त्याच्यापायी मी एका पोराची जात निघालेली पाहिली आहे.

बुश म्हणजे नळीचा तुकडा. फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, बसायला दिलेली जागा. शाफ्ट पोलादाची, तिच्याभोवतीचं घर बिडाचं किंवा अल्युमिनियमचं. दोघं एकमेकांवर घासले तर दोघंही महाग पडतात. म्हणून मध्ये ब्राँझचा बुश घालतात. झिजायचं तर त्यानं झिजावं, आणि झिजला की त्याला काढून दुसरा ठोकावा. मित्रांनो, ही व्यवस्था तुम्हाला ओळखीची वाटली तर त्यात माझा दोष नाही.

जुन्या मोटारसायकलींत असे बुश जागोजागी सापडतात. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन ह्या विलायती गाड्यांच्या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट बुशांवर फिरते. गिअरबॉक्समध्ये बुश, किकच्या शाफ्टला बुश. लुकासच्या जुन्या डायनॅमोंच्या काही नमुन्यांत कम्युटेटरच्या टोकाला बुश. आपल्याकडची बुलेट ही त्याच घराण्यातली. एन्फिल्ड इंडिया मद्रासला १९५५ साली सुरू झाली आणि विलायतेतलं ते जुनं इंजिन आपल्या रस्त्यावर पुढं कितीतरी वर्षं धडधडत राहिलं.

आता ब्राँझचे बुश दोन जातीचे. जात शब्द इथं चालेल, कारण ही जात धातू कसा घडला त्यावरून पडते आणि तपासून बघता येते. एक घन, ओतीव ब्राँझचा. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यात गजनपिनसाठी बसतो तो हा, सहसा फॉस्फर ब्राँझचा. तिथं ठोके बसतात, त्याला भरीव अंगच पाहिजे. दुसरा सच्छिद्र. गॅरेजात त्याला सिंटर बुश म्हणतात, कुणी ऑइलाइट म्हणतात. ऑइलाइट हे मूळचं अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीचं नाव, १९३० च्या दशकातलं. तुमच्या घरात टेबलफॅन किंवा मिक्सर असेल तर त्याच्या मोटरीत बहुधा हाच बुश फिरत असतो.

हा बनतो कसा ते ऐका. तांब्याची भुकटी साधारण ९० भाग, कथलाची १० भाग. साच्यात घालून प्रेसनं दाबतात, मग भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. तांबं वितळत नाही. कथील २३२ अंशालाच वितळतं आणि तांब्याच्या कणांत शिरतं. कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी तशाच राहतात. पुन्हा एकदा साच्यात दाबून नेमका आकार देतात, हवा काढून घेतात आणि फटींत तेल भरतात. बुशच्या एकूण अंगापैकी साधारण पाचवा हिस्सा नुसतं तेल असतं. हातात घेतला तर कोरडा, भरीव वाटतो. आत मात्र स्पंजासारखा भिजलेला.

शाफ्ट फिरायला लागली की बुश तापतो. तेल धातूपेक्षा जास्त फुगतं, आणि फिरणारी शाफ्टही ते ओढून घेते. ते छिद्रांतून आतल्या अंगाला येतं आणि शाफ्टखाली पातळ पदर धरतं. इंजिन थांबलं, गार झालं की तेच तेल छिद्रांत परत शोषलं जातं. कंदिलाची वात तेल ओढते तसं. वरून कुणी तेलाचा थेंब दिला नाही तरी बराच काळ हा बुश स्वतःच्या अंगातल्या तेलावर चालतो.

पण छिद्रं उघडी राहिली तर. सगळी गोम तिथंच आहे.

नवा बुश घरात ठोकून बसवला की त्याचं भोक आवळतं, कारण बुश बाहेरून घरापेक्षा जरासा मोठा ठेवलेला असतो. तो दाबला जातो आणि भोक लहान होतं. मग शाफ्ट आत जात नाही. गॅरेजवाला काय करतो? रीमर घेतो आणि भोक मोठं करतो. घन ब्राँझला हे चालतं. गजनपिनच्या बुशला तसंच करतात. पण सच्छिद्र बुशच्या भोकात रीमर फिरवला की मऊ धातू ओढला जातो आणि छिद्रांच्या तोंडांवर लिंपला जातो. शेणानं भिंतीची भोकं लिंपावी तसा. भोक आरशासारखं चकचकीत होतं. शाफ्ट लोण्यासारखी आत जाते. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. आणि बुश मात्र आतून बंद. अंगात तेल आहे, ते बाहेर येऊ शकत नाही. काही दिवस वरच्या तेलावर निभतं, मग कोरडी शाफ्ट कोरड्या ब्राँझवर रगडायला लागते.

लुकासच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांत ह्याबद्दल साफ ताकीद आहे: असला बुश बसवल्यावर रीमरनं मोठा करायचा नाही. पुस्तिका इंग्रजीत. ज्याच्या हातात रीमर, त्याला इंग्रजी येत नाही. ज्याला इंग्रजी येतं तो रीमर हातात धरत नाही. आपल्या देशातली यंत्रं ह्या फटीत मोडतात.

आता त्या पोराची गोष्ट. आमच्याच वस्तीतला. दहावीपर्यंत शिकलेला, पुढं जमलं नाही. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या एका गॅरेजात लागला. शौकीन लोकांच्या गाड्या तिथं येत. पोराकडं काम काय, तर पार्ट रॉकेलात धुणं, झाडू मारणं, चहा आणणं. उस्तादाला घाई असली की बारीकसारीक काम त्याच्याकडं सरकायचं. मायक्रोमीटर मात्र कपाटात कुलपाखाली. त्याला हात लावायचा नाही. "पडंल, मोडंल," म्हणून.

एके दिवशी गिअरबॉक्सचा बुश घट्ट झाला. उस्ताद म्हणाला रीमर मार. पोरानं मारला. तीन महिन्यांनी गाडी परत आली, शाफ्टला खोल चरे. जुन्या गाडीची शाफ्ट, बाजारात सहज मिळत नाही. मालकानं सगळ्यांदेखत पोराला उभं केलं आणि म्हणाला, "मशीनला हात लावायला अक्कल लागते. ती तुमच्यात कुठून यायची?"

तुमच्यात. हा शब्द लक्षात ठेवा. उस्ताद शेजारीच उभा होता. बोलला नाही.

पोरगा संध्याकाळी माझ्याकडं आला. मी लेथवर उभा राहणारा माणूस, माझ्याकडं बुश घेऊन आला. म्हणाला, "दादा, मला सांगितलं तेवढंच म्या केलं. चुकलं कुठं ते तरी सांगा." त्याला नोकरी परत नको होती. त्याला कारण पाहिजे होतं. मी बुश धुतला, पुसला, मेणबत्तीवर धरून हलकासा गरम केला. बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब फुटले, घामासारखे. आतलं अंग कोरडं ठाक. भिंग देऊन म्हटलं, बघ. बाहेर खरखरीत दाणे आणि छिद्रं दिसत होती. आत नुसती चकाकी. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे अक्कल नव्हती ते खरं नाही. सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो बुश घेऊन गॅरेजात गेला आणि सगळ्यांसमोर मेणबत्ती लावून दाखवली. कामावर कुणी परत घेतलं नाही. पगाराचे कापलेले पैसेही मिळाले नाहीत. पण उस्तादानं त्याला बाहेर गाठून विचारलं, "मग हा बुश बसवायचा कसा रं?"

तर तो कसा बसवायचा ते इथं लिहून ठेवतो. हे कापून भिंतीला चिकटवा.

आधी ओळखा. बुश हलका गरम करा. तेलाचा घाम फुटला तर सच्छिद्र. किंवा कोरड्या अंगावर तेलाचा एक थेंब ठेवा. हळूहळू पिऊन टाकला तर सच्छिद्र, तसाच राहिला तर घन.

नवा बुश रॉकेलात किंवा पेट्रोलात बुडवून ठेवू नका. आपल्या पोरांना सगळं रॉकेलात टाकायची सवय लावलेली असते. रॉकेल छिद्रांत शिरतं आणि तेल बाहेर काढतं. कागदावर, पुठ्ठ्यावर, लाकडावरही उघडा ठेवू नका. हा अंक ज्या कागदावर काढलाय त्यावर रात्रभर ठेवून बघा, सकाळी तेलाचं गोल कडं दिसेल. तेवढं तेल बुशनं गमावलं. ग्रीस भरू नका, ग्रीसनं छिद्रं बुजतात.

बसवण्याआधी स्वच्छ, पातळ इंजिन ऑइलात २४ तास बुडवून ठेवा. घाई असेल तर तेल १०० अंशापर्यंत गरम करून दोन तास ठेवा आणि तेल गार झाल्यावरच बुश बाहेर काढा, कारण गार होतानाच तो तेल ओढतो.

मग मापं. शाफ्ट तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी. शाफ्टच झिजून अंडाकृती झाली असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही. घराचं भोक मोजा. बुश आतून-बाहेरून मोजा. समजायला सोपे आकडे घेऊ. शाफ्ट १२.०० मिलिमीटर. घराचं भोक १६.००. बुश बाहेरून १६.०४, आतून १२.०६. म्हणजे बुश घरापेक्षा ०.०४ नं मोठा. बिडाच्या घरात बसवला की जवळजवळ तेवढंच भोक आवळणार आणि १२.०२ च्या आसपास येणार. शाफ्टला १२ मिलिमीटरला दीड-दोन शतांशाची मोकळीक पुरते. जुन्या हिशेबात सांगायचं तर इंचाला एक थाउच्या थोडं वर. म्हणजे आकडे जमले. अल्युमिनियमचं घर असेल तर ते स्वतःच थोडं फाकतं, भोक कमी आवळतं. शिवाय गरम झाल्यावर अल्युमिनियम ब्राँझपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. म्हणून तिथं बुश बाहेरून जरा जास्तच मोठा लागतो.

आता खरं हत्यार. मँड्रेल. पोलादाची पायरी असलेली पिन, कडक केलेली आणि आरशासारखी पॉलिश केलेली. तिचा व्यास शाफ्टपेक्षा किंचित मोठा, आपल्या उदाहरणात १२.०२५. बुश तिच्यावर चढवायचा, पायरी बुशच्या कडेला टेकवायची आणि दोघांना एकत्रच प्रेसनं सरळ आत ढकलायचं. बुश आवळतो तो मँड्रेलभोवती आवळतो, तिच्यापेक्षा लहान होऊ शकत नाही. मँड्रेल ओढून काढली की भोक अगदी केसभर परत येतं, म्हणूनच ती किंचित मोठी ठेवायची. रीमरचं नाव नाही. धातू कापला गेला नाही, छिद्रं उघडी राहिली.

प्रेस नसेल तर घण घेऊ नका. लांब बोल्ट, नट आणि दोन जाड वॉशर घ्या, पान्यानं हळूहळू ओढा. सरळ जातो. एकाच शाफ्टचे दोन बुश असतील तर एक लांब मँड्रेल दोन्हींतून गेली पाहिजे, नाहीतर दोन्ही बरोबर मापाचे असूनही शाफ्ट अडकेल.

तरीही जरा घट्ट राहिला, तर पॉलिश केलेली पोलादी पिन किंवा गोळी अर्ध्या शतांशानं मोठी, मग आणखी अर्ध्यानं मोठी, अशी तेल लावून दाबून पार करायची. धातू सरकतो, कापला जात नाही. काही छिद्रं दबतात, पण रीमरइतकी हानी होत नाही. एमरी पेपर तर चुकूनही नाही. एमरीचे कण छिद्रांत रुतून बसतात आणि मग बुशच शाफ्टला कानशीसारखा घासत राहतो.

शेवटी अंगठा. पण ही परीक्षा बुश बसवण्याआधी करायची, कारण नंतर त्याचं बाहेरचं अंग दिसत नाही. बुश डाव्या अंगठ्यावर उभा धरा. भोकात तेल काठोकाठ भरा. उजवा अंगठा वर ठेवून जोरानं दाबा. छिद्रं उघडी असतील तर बुशच्या अंगातून चहूबाजूंनी तेलाचे थेंब पाझरतात. दोन अंगठ्यांत धरलेला ब्राँझ घामेजतो. कुठलं मीटर नको, वीज नको.

मी हे पहिल्यांदा त्या पोराकडून करून घेतलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "दादा, आमचा आजा अंगठाछाप होता." सावकाराच्या कागदावर उठलेले अंगठे आपल्या घरोघरी आहेत. आणि त्याच्याही मागं द्रोणानं मागून घेतलेला एकलव्याचा अंगठा आहे. विद्या दिली नव्हती, तरी दक्षिणा मागितली. गॅरेजातही तेच चालतं. शिकवायचं नाही, आणि बिघडलं की पगार कापायचा.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खातं आपल्या माणसांना बंद होतं. कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालेना. म्हणून ज्या खात्यात पगार चांगला, तिथं आपल्याला बंदी. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी दाखवून दिलं की जात नुसतं काम वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि अस्पृश्य मुलांच्या तांत्रिक शिक्षणासाठी १९४२ सालीच त्यांनी सरकारपुढं मागणी ठेवली होती. बाबासाहेबांना पुस्तक आणि हत्यार दोन्ही आपल्या हातात हवी होती. आपण पुस्तक तेवढं लक्षात ठेवलं.

आज धोटा गेला. तोंड लावायची गरज राहिली नाही. कुलूप तेवढं राहिलं, ते मायक्रोमीटरच्या कपाटाला आहे. धुणं, घासणं, ग्रीस काढणं आपल्याकडं. मोजणं दुसऱ्याकडं. जो मोजतो तो मिस्त्री, जो धुतो तो पोऱ्या. आणि मोजायला येत नाही तोवर धुणाऱ्याला हेही कळत नाही की चूक नक्की कुणाची. शतांश मिलिमीटरला जात नसते. १२.०२ हे मालकानं मोजलं तरी १२.०२, आणि आपल्या पोरानं मोजलं तरी १२.०२ च. आपल्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं. मापावर ठेवावाच लागतो.

२०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. चांगलं झालं. जुनं जपलं पाहिजे. नोंदणीच्या कागदावर मालकाचं नाव असतं, इंजिनाचा नंबर असतो. बुश बसवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. मला त्या कागदावर नाव नकोय. माझं म्हणणं साधं आहे. ही कामं वाढतायत, जुनी हत्यारं आणि जुनं ज्ञान असलेली माणसं कमी होतायत, आणि एका नीट बसवलेल्या बुशचे चांगले पैसे मिळतात. ते पैसे आपल्या पोरांनी का मिळवू नयेत?

त्या पोरानं पुढं एका लेथवाल्याकडं काम धरलं. हप्त्याहप्त्यानं पैसे साठवून त्यानं जुन्या बाजारातून एक मायक्रोमीटर घेतला, शून्य तपासून घेतला. आता वस्तीतल्या दोघा पोरांना रविवारी मोजायला शिकवतो. त्याच्याकडं कपाट आहे, कुलूप नाही.

दोस्तांनो, आपल्या वस्तीवस्तीत बाबासाहेबांच्या नावानं वाचनालयं आहेत. तिथं पेपर येतो, पुस्तकं आहेत, चौदा एप्रिलला रोषणाई होते. त्याच टेबलावर एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर आणि एक भिंग ठेवा. रोषणाईच्या वर्गणीतून काही बाजूला काढलं तरी भागेल. आठवड्यातून एक संध्याकाळ ज्याला मोजता येतं त्यानं बसावं आणि ज्याला येत नाही त्याला शिकवावं. गॅरेजात, कारखान्यात असणाऱ्या प्रत्येकानं आपल्या कामाची एक तरी गोष्ट मराठीत लिहून ह्या अंकाकडं पाठवावी. वेल्डिंगवाल्यानं वेल्डिंगची, वायरमननं वायरिंगची. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. मापं मात्र शुद्ध पाहिजेत.

जयभीम.